घरचा कॉम्प्युटर वारंवार बंद पडतोय: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद पडायला लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ फॉरमॅटने विंडोज नवी होते. सैल बसलेली रॅम (मेमरीची पट्टी), दम संपलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि अर्थिंग नसलेलं सॉकेट मात्र जिथल्या तिथे राहतं. म्हणून ते काम सगळ्यात शेवटी. त्याआधी दोन पथ्यं पाळा: एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल तारखेसह कागदावर लिहा. एकाच दिवशी रॅम पुसली, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बदलला आणि यूपीएसही बदलला, तर गुण नेमका कशाने आला ते कळत नाही. महिन्याभराने पुन्हा बिघडलं की सगळं पहिल्यापासून.

इथली माहिती मुंबईतल्या घरांमधल्या, विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपलाही बरीचशी लागू पडते, पण लॅपटॉप उघडायचं काम नवख्याने करू नये.

सुरुवात बॅकअपने करा. डिस्कच खराब होत असेल तर पुढची प्रत्येक चाचणी तिच्यावर ताण आणते. फोटो, सोसायटीची कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून बाजूला ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून घ्या. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) काही बदललं की विंडोज ती मागू शकते आणि की नसेल तर स्वतःच्याच फाइल्स स्वतःला उघडत नाहीत.

बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

मेकॅनिकला फोनवर ‘बंद पडतो’ एवढंच सांगितलं तर तो काहीच सांगू शकणार नाही. पाच प्रकार वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

खटकन सगळंच गेलं, पंखेही थांबले: वीज, यूपीएस, एसएमपीएस किंवा क्वचित अतिउष्णता. इथे विंडोजचा दोष जवळजवळ कधीच नसतो.

आपोआप रिस्टार्ट होतो: यामागे बऱ्याचदा विंडोज कोसळल्याचा निळा पडदा लपलेला असतो (विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे). विंडोज तो क्षणभर दाखवून पुन्हा सुरू होते, त्यामुळे वाचायला मिळत नाही. स्टार्टमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालच्या सेटिंग्ज उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबेल. मोबाइलने त्याचा फोटो काढा.

हँग होतो: चित्र गोठतं, माउस हलत नाही, कधी आवाजाचा एकच तुकडा घुमत राहतो. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे आणि संशय डिस्क किंवा ग्राफिक्सवर जातो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. पडदा लुकलुकून परत आला तर चोर सापडल्यातच जमा. दिवा हललाच नाही तर रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड.

पडदा काळा, पण पंखे चालू आणि गाणंही ऐकू येतंय: ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर किंवा केबल. आधी केबल बदला. सगळ्यात स्वस्त तीच.

एकच प्रोग्रॅम बंद पडतो, बाकी सगळं ठीक: दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. रोज वेगवेगळे प्रोग्रॅम बंद पडत असतील तर मात्र रॅम.

‘काय’ इतकंच ‘कधी’ही महत्त्वाचं. गेम सुरू केल्यावर वीस मिनिटांनी पडतो की रिकामा बसलेला असताना? फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू करताना की तापल्यावर? इमारतीत पाणी आल्यावर पंप सुरू होतो त्याच वेळी? चार-पाच नोंदी झाल्या की कागदावर चित्र दिसू लागतं.

विंडोजने लिहून ठेवलेलं वाचा

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. तारखेनिहाय तक्त्यात लाल फुल्या दिसतात. पहिली फुली कोणत्या दिवशी आली आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय इन्स्टॉल झालं ते बघा. कित्येकदा उत्तर इथेच मिळतं.

पुढची पायरी इव्हेंट व्ह्यूअर. ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘सिस्टिम’. लाल नोंदी बऱ्याच दिसतील, घाबरू नका. ठणठणीत मशीनमध्येही असतात. बंद पडल्याच्या वेळेच्या आसपास या शोधा:

कर्नल-पॉवर ४१: मशीन नीट शटडाउन न होता सुरू झालं, एवढाच याचा अर्थ. हे कारण नव्हे, परिणाम आहे. मात्र ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेककोड’ ० असेल तर निळ्या पडद्याची नोंद झालीच नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली किंवा मशीन पूर्ण गोठलं.

बगचेक १००१: निळा पडदा आला होता. कोड इथे मिळतो.

व्हीआ-लॉगर (WHEA-Logger): हार्डवेअरने स्वतः केलेली तक्रार. १८ म्हणजे जीवघेणी चूक, १९ म्हणजे सावरलेली. १९ वारंवार दिसणं हीही धोक्याची सूचना आहे.

डिस्क ७ किंवा १५३: खराब ब्लॉक किंवा डिस्कने वेळेत उत्तर न देणं. हे दिसलं तर बाकी सगळं सोडून बॅकअप पूर्ण करा.

डिस्प्ले ४१०१: ग्राफिक्स ड्रायव्हर थांबला आणि सावरला.

निळ्या पडद्यावरचा कोड दिशा दाखवतो, निकाल देत नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असेल तर रॅम आधी तपासा, नंतर ड्रायव्हर. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असेल तर डिस्क आणि तिची केबल. ‘व्हिडिओ टीडीआर’ने सुरू होणारे कोड ग्राफिक्सचे. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे प्रोसेसर, व्होल्टेज, उष्णता किंवा ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं). ‘आयआरक्यूएल’ने सुरू होणारे बहुतेक ड्रायव्हरचे, पण खराब रॅमही हेच सोंग घेते. प्रत्येक वेळी कोड वेगळाच येत असेल तर रॅम किंवा वीज, असं धरून चालायला हरकत नाही.

वीज: मुंबईत इथूनच सुरुवात करावी

शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. मीटरपर्यंतचा पुरवठा बहुतेक वेळा बरा असतो. गडबड मीटरच्या अलीकडे, इमारतीच्या जुन्या वायरिंगमध्ये असते. चाळीत आणि जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. पावसाळ्यात अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही, असं समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा सूक्ष्म करंट जमिनीत जाण्याऐवजी पत्र्यावर साचतो. अशा मशीनमध्ये यूएसबीची उपकरणं मधूनच तुटणं, हेडफोनमध्ये गुणगुण आणि अकारण रिस्टार्ट हे प्रकार होतात.

इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर आधी वायरिंग करून घ्या. न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला जोडून देणारे महाभाग भेटतात. तसं अजिबात करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट येतात.

मग एक्स्टेंशन बोर्ड. कॉम्प्युटरच्या बोर्डावर फ्रिज, मिक्सर, इस्त्री नको. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येतं आणि थकलेला एसएमपीएस तेवढ्यात मान टाकतो. पिना सैल बसणारा, प्लॅस्टिक पिवळं पडलेला बोर्ड फेकून द्या. आठवडाभर कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवून बघणं ही फुकटातली चाचणी आहे.

यूपीएसवर लोकांचा फार विश्वास असतो. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. दमट, गरम खोलीत आणखी लवकर. संपलेल्या बॅटरीचा यूपीएस नसलेल्यापेक्षा वाईट. साधा एसएमपीएस जो छोटा झटका सहज सोसतो, त्याच झटक्याला यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, बॅटरीत काही नसतं आणि सगळं बंद. चाचणी अशी: सगळं सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढा. पाच मिनिटंसुद्धा तग धरला नाही तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवर कधीच लावू नका. गरम होताना तो एकटाच यूपीएसला झोपवतो.

उष्णता आणि धूळ

मुंबईच्या छोट्या घरांत कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं असतं. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये खोली ३३-३४ अंशांवर असते, कप्पा त्याहून गरम. आतलं तापमान त्याच प्रमाणात वर चढतं. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे मोफत साधन घ्या, ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा, अर्धा तास गेम किंवा जड काम चालवा आणि ‘मॅक्सिमम’चा रकाना वाचा. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, एएमडी रायझनची ९० ते ९५. रिकाम्या मशीनमध्ये चाळिशी-पन्नाशी आपल्या हवेत ठीक आहे. ग्राफिक्स कार्ड कामात असताना ८०-८५ दाखवत असेल तरी चालतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आजचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे हळू न होता थेट बंद पडत असेल तर साधी धूळ हे कारण पुरेसं नाही. कूलरची एखादी पिन सुटली असेल, पंखा थांबला असेल, लिक्विड कूलरचा पंप बंद असेल, किंवा मामला एसएमपीएसचाच असेल.

साफसफाईची रीत: स्विच बंद, पिन काढलेली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत जा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरलं तर बेअरिंग जातं. एसएमपीएसवर बाहेरूनच हवा मारा. तो उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात. झुरळांना त्याची ऊब आवडते, हे कोणताही मेकॅनिक सांगेल. जळका वास आला तर दुरुस्ती न करता नवाच घ्या. स्वस्त एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा लाल खटका असतो. तो २३० वरून हलवू नका.

थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) तीन-चार वर्षं जुनी, खडूसारखी वाळलेली असेल तर पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर कूलर ओढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून कोमट करा आणि कूलर किंचित पिळून काढा, नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि पिना वाकतात.

रॅम

समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांमुळे रॅमच्या सोनेरी पट्टीवर थर चढतो. जुलै-ऑगस्टमध्ये ‘सकाळी सुरू होत नाही, दोन-तीनदा बटण दाबलं की होतो’ अशी तक्रार असेल तर पहिला हात रॅमला. इथे सगळेच खोडरबर वापरतात. उपाय चालतो, पण रबराचा कीस सॉकेटमध्ये पडला तर नवीन दुखणं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं बरं. पट्टी पुसा, पूर्ण वाळू द्या, खाचेची बाजू जुळवा आणि दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. चार खाचांच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर त्या साधारणतः प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या.

आता चाचणी:

१. बायॉसमध्ये एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो चालू असेल तर बंद करा. हे अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं आहे. बंद केल्यावर क्रॅश थांबले तर रॅम खराब नाही, तिला तो वेग झेपत नाही एवढंच.

२. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर उतरवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या होऊ द्या. १६ जीबीला कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपा.

३. एकसुद्धा लाल चूक म्हणजे नापास. ‘फक्त दोनच आल्या’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

४. चूक आली तर एक-एक रॅम एकाच खाचेत लावून पुन्हा तपासा. एकच रॅम नापास होत असेल तर रॅम गेली. त्या खाचेत सगळ्याच नापास आणि दुसऱ्या खाचेत पास होत असतील तर दोष मदरबोर्डचा.

विंडोजमध्ये स्वतःचं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. झटपट होतं, पण त्यात पास झाली म्हणून रॅमला निर्दोष सोडू नका.

डिस्क

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ उघडा. निळं ‘गुड’, पिवळं ‘कॉशन’. ‘रीअ‍ॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर आहे आणि आठवड्याने वाढलेलाही दिसतोय, तर डिस्क बदला. ‘अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर’ वाढत असेल तर मात्र डिस्क नव्हे, साटा केबल बदला. हजारोंची डिस्क वाचते. एसएसडी असेल तर सी ड्राइव्हवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा.

ड्रायव्हर आणि विंडोज

शिफ्ट दाबून ठेवत रिस्टार्ट करा, मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जा. तिथे तासन्‌तास ठीक आणि नेहमीच्या विंडोजमध्ये क्रॅश असेल तर संशय ड्रायव्हर किंवा पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमवर जातो. अँटिव्हायरस खूप खोलवर बसतो, म्हणून तो आधी काढून बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले होते, आणि हार्डवेअर सगळ्यांचं धडधाकट होतं.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर नुसता वरून अपडेट करू नका. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने सेफ मोडमध्ये जुना पुसा, मग कंपनीच्या साइटवरून नवा टाका. नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाका. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ देणारे प्रोग्रॅम मात्र घरात आणू नका.

विंडोजच्या फाइल्ससाठी कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ‘एसएफसी’, एक स्पेस, स्लॅश, ‘स्कॅननाऊ’ (sfc /scannow) ही इंग्रजी अक्षरं टाइप करा. आणखी एक: विंडोजमध्ये ‘शटडाउन’ने सगळं पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअप काही भाग जपून ठेवतं. ड्रायव्हर बदलल्यावर ‘रिस्टार्ट’च करा.

विंडोज १०चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. फॉरमॅट करायचीच वेळ आली आणि मशीन पात्र असेल, तर थेट ११ टाका.

उरलेले संशयित

जड कामातच खटकन बंद पडतो, रिकामा असताना कधीच नाही, तर एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड काढा, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा आणि आठवडाभर तसंच चालवा (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच हे शक्य आहे). थांबलं, तर कार्ड किंवा एसएमपीएस. मित्राचा एसएमपीएस लावून दोघांतला कोण ते ठरवा. मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलचा) एसएमपीएस असेल तर केबल त्याच्याच वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल भोकात बसते, पण जोडणी वेगळी असल्यामुळे डिस्क आणि बोर्ड जळतात.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा ६५ वॅट किंवा त्याहून मोठा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचं बायॉस आजच बघा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायॉसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम बंद पडणं, मोठी झिप फाइल उघडताना चूक येणं, ग्राफिक्स मेमरी संपल्याचा खोटा संदेश ही त्याची लक्षणं. झालेली झीज मात्र अपडेटने भरून येत नाही; तेव्हा प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा. बायॉस अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएसचं काम त्याआधी उरकलेलं असू द्या.

लॅमिंग्टन रोडला जाताना

सुटा भाग घ्यायला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठणं अजूनही सोयीचं आहे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. जाताना जुन्या भागाच्या स्टिकरचा फोटो, मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो आणि तुमचा नोंदींचा कागद सोबत ठेवा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटीच्या वेळी वाद होतो. ‘सेकंड’चा एसएमपीएस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. रॅम आणि डिस्क सेकंड घेतलीत तर दुकानातच चालवून बघा, आणि घरी आल्यावर त्याच रात्री मेमटेस्ट लावा, बदलून घ्यायची मुदत संपण्याआधी.